पोलिक्सेनीचा नांगर

माझी सासू डोंगरात राहते आणि मी सासूच्या पोटात राहते. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या हातातल्या पेल्याकडे. पण त्यात खोटं काही नाही. आमच्या होडीचं नाव पोलिक्सेनी आणि माझ्या नवऱ्याच्या आईचं नावही पोलिक्सेनी. होडी कॅटमरान आहे, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर मधोमध ओटी बांधावी तशी. त्यामुळे हिला पोटंही दोन. डाव्या पोटात आम्ही झोपतो, उजव्या पोटात चूल, संडास आणि नवऱ्याची हत्यारं. अकरा वर्षं झाली. सासरी नांदायला सगळ्याच जातात, पण इतक्या आत कोणी गेली नसेल.

नाव माझ्या नवऱ्यानं, पान्तेलीसनंच ठेवलं, आणि ते काही मायेनं नाही, भीतीनं. होडी घ्यायला त्यानं बापाची अक्रोडाची बाग विकली होती. आईला कळलं तर ती चुलीतलं जळतं लाकूड घेऊन अथेन्सपर्यंत चालत येईल हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं आधी होडीच्या दोन्ही अंगांना मोठ्या निळ्या अक्षरांत तिचं नाव रंगवलं, फोटो पाठवला आणि मग बाग विकल्याचं सांगितलं. सासूबाईंनी फोटो पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाल्या, "अक्षर बरं काढलंयस."

मी एव्हान्थिया. माहेर कालिम्नोस बेटावरचं, बाप समुद्राच्या तळाचे स्पंज काढणारा पाणबुड्या. मी चालायच्या आधी पोहायला लागले असं आई सांगायची. आई थापाडी होती, पण ही थाप बहुधा खरी असावी. लग्न होऊन पिरेअसला आले आणि तळघरातल्या घरात राहून शाळेच्या मुलांसाठी मसूर शिजवत बसले. आमच्या खिडकीतून फक्त रस्त्यावरच्या लोकांचे बूट दिसायचे. पान्तेलीस विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "तू आज त्या तपकिरी बुटांना नमस्कार केलास." मी म्हटलं, "ओळखीचे आहेत." त्यानंतर वर्षाच्या आत अक्रोड गेले आणि होडी आली.

तेव्हापासून आमचं ठरलेलं. उन्हाळाभर या बेटावरून त्या बेटावर, आणि हिवाळ्यात दक्षिणेला कालामाताच्या बंदरात. तिथे होड्यांवर बिऱ्हाड केलेल्यांची अख्खी आळी असते. कपडे एकमेकांच्या दोऱ्यांवर वाळतात आणि भांडणंही एकमेकांचीच. आमच्याकडे जुना नेम आहे, एप्रिलात संत योर्गीसच्या सणाला होड्या बाहेर काढायच्या आणि ऑक्टोबरात संत दिमित्रीसच्या सणापर्यंत आत आणायच्या. त्यामुळे कालामाताला जायचं तर दिमित्रीसच्या आधी.

या वर्षी मात्र नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सप्टेंबर सरत आला तरी आम्ही उत्तरेच्या आखातातल्या त्या एवढ्याशा बंदरातून हललो नव्हतो. आधी पंपाचा पट्टा तुटला. मग वारा समोरून होता. वारा फिरला तर मंगळवार होता. मंगळवारी शुभकार्याला निघू नये म्हणे. हा माणूस मंगळवारी जन्मला, मंगळवारी नोकरीला लागला आणि माझ्या आईनं हाता-पाया पडून विनवलं तरी मंगळवारी लग्नाला उभा राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं याचं चाललं होतं, पण का, ते मला कळत नव्हतं.

मग एक दिवस तो कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसला आणि म्हणाला, "आईचे गुडघे गेले."

"कुठे गेले?"

"चेष्टा नको गं. तिला जिना चढवत नाही. एकटी आहे. होडी क्रेननं उचलून यार्डात ठेवू आणि आपण वर गावी जाऊ. मी क्रेनवाल्याशी बोललोय."

यार्डात खांबांवर चढवलेल्या होड्या मी पाहिल्यात. पहिल्या वर्षी मालक दर रविवारी येतो, शिडी लावून वर चढतो आणि आत बसून सिगारेट ओढतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या शिडावर मांजर वितं. तिसऱ्या वर्षी कोणी येतच नाही. वर गावी समुद्र नाही, तळं नाही, धड ओढासुद्धा नाही. मला तिथे नेलं असतं तर मी परत बुटांशी बोलायला लागले असते, आणि तिथे बूटही ओळखीचे नसते.

पण म्हाताऱ्या आईला टाकून दे असं कसं म्हणणार? मी म्हटलं, "त्यांनाच इथे आण. जिना नाही, चढ नाही. दिमित्रीसपर्यंत राहिल्या तर आपल्याबरोबर कालामाताला येतील. नाही राहवलं तर मी एक शब्द न बोलता गावी येते."

तो लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच. त्याची आई टबातल्या पाण्यालाही समुद्र म्हणायची, तेव्हा ती एक रात्र काढणार नाही अशी त्याची खात्री होती. माझ्या डोक्यात मात्र कबूल केल्यावर उजेड पडला. त्या राहिल्या नाहीत तर माझा समुद्र गेला. राहिल्या तर आयुष्यभर सासू उरावर, आणि तीही अशा घरात जिथे रागानं दार आपटायलाही दार नाही, पडदा आहे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच.

सासूबाई खडखडत्या बसनं आल्या. काळे कपडे, काळा रुमाल, खांद्यावर दही-गव्हाच्या वाळवलेल्या रव्याचं पोतं, काखेत पीठ लाटायची हातभर लांब काठी आणि छातीशी संत पारास्केवीची तसबीर. धक्क्यावरून होडीत यायला आमची फळी टाकलेली असते, वीतभर रुंद. धडधाकट पाहुणे त्या फळीवर आईचं नाव घेतात. या पोत्यासकट तरातरा चालत आत आल्या.

मी म्हटलं, "आई, गुडघे बरे दिसतायत."

"येतात आणि जातात," त्या म्हणाल्या, आणि पोतं माझ्या बिछान्यावर टाकलं.

होडीवर नव्या माणसाला तीन गोष्टी शिकवायच्या असतात. त्यात माझ्या नाकी नऊ येतात. पाणी जपून, संडासात कागद टाकायचा नाही, आणि अंधार पडला की दिवे कमी. माझी शिकलेली भाची आली होती, तिनं एका आंघोळीत आमचं आठवड्याचं पाणी संपवलं होतं. मी सासूबाईंना समजवायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. अख्खा जन्म विहिरीवरून पाणी वाहिलेली बाई ती. तांब्याभर पाण्यात तिघांची भांडी घासली, त्याच पाण्यानं जमीन पुसली आणि उरलं ते कुंडीतल्या तुळशीला घातलं. संडासात कागद टाकायचा नाही हे ऐकल्यावर म्हणाल्या, "टाकतात?" आणि अंधार पडायच्या आधी झोपून गेल्या.

पान्तेलीसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी मोटारबोट गेली आणि होडी हलली. तो आशेनं म्हणाला, "आई, मळमळतंय का?" त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या खेचरावर यापेक्षा जास्त हलायचं, आणि ते चावायचं पण."

आमच्या शेजारी योस्त नावाचा डच माणूस त्याच्या जुन्या होडीत एकटा राहतो. पूर्वी दातांचा डॉक्टर होता. ग्रीक बोलतो, पण दात काढल्यासारखं, एकेक शब्द उपटून. तो रोज सकाळी रेडिओवरून बंदरातल्या सगळ्यांची चौकशी करतो. त्या दिवशी म्हणाला, "पोलिक्सेनीचं बूड घासायला झालं आहे. खाली हिरवं हिरवं लोंबत आहे." सासूबाई चुलीशी उभ्या होत्या. त्यांनी काठी खाली ठेवली, हात पुसले, धक्क्यावरून चालत योस्तच्या होडीपाशी गेल्या आणि काय बोलल्या ते मला कळलं नाही. पण तासाभरानं योस्त आमच्या टेबलाशी बसून भाजी भरलेली पिटा खात होता आणि त्या त्याला जेवताना कोपरं टेबलावर ठेवू नकोस म्हणून दटावत होत्या.

कॅटमरान कलत नाही हे त्यांना फार आवडलं. टेबलावर त्या पापुद्र्यासारखी पातळ पारी लाटायच्या. आत रानभाजी, चीज, आणि पिटा तयार. तिचा वास धक्काभर पसरायचा. आठवडा झाला नाही तर इटालियन जोडपं, नॉर्वेचे दोघे भाऊ, बंदर पोलीस, सगळे आमच्या फळीपाशी. "आजी आहेत का?" मला कोणी विचारेना. अकरा वर्षं मी या लोकांची इंजिनं, मूळव्याधी आणि घटस्फोट ऐकून घेतले, आणि ही बाई कानामागून आली नि तिखट झाली. एकदा मी स्वतःच्याच होडीत चढत होते तर नॉर्वेचा एक भाऊ मला म्हणाला, "रांग आहे."

मला वाईट वाटलं. सरळ सांगते, मत्सर वाटला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की सासूबाईंना समुद्र आवडायला लागला होता. सकाळी त्या दोन पोटांच्या मध्ये पुढे ताणलेल्या जाळीवर जाऊन बसायच्या, पाय खाली सोडून. समुद्राशी बोलायच्या. शेळीशी बोलतात तशा, अगं-तुगं करून. आणि एक दिवस त्यांनीच पान्तेलीसला विचारलं, "हलायचं कधी इथून? तो नांगर काय उगवायला टाकलायस?"

ऑक्टोबरात आमच्याकडे दिमित्रीसचा उन्हाळा म्हणून चार उबदार दिवस येतात. या वर्षीही आले. समुद्र तेलासारखा पडला होता. पट्टा नवा होता, वारा नव्हता, मंगळवारही नव्हता. मी म्हटलं, उद्या सकाळी निघायचं. पान्तेलीस म्हणाला, "गुरुवारी क्रेन येणारच आहे, तर..." मी म्हटलं, "उद्या." सासूबाई म्हणाल्या, "उद्या."

ज्यांनी धक्क्याला होडी लावलेली बघितली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. पुढे दूर पाण्यात नांगर टाकायचा, मागे मागे येत होडीचं बूड धक्क्याला लावायचं आणि दोन दोर बांधायचे. निघताना दोर सोडायचे, साखळी ओढत पुढे जायचं आणि नांगर उचलायचा. यात नवरा-बायको हमखास भांडतात, म्हणून सगळं बंदर पेला घेऊन बघायला उभं राहतं. त्या सकाळी तर आजी निघाल्या म्हणून गर्दी जास्तच होती. योस्तनं आपली होडी आधीच बाहेर काढून ठेवली होती. तो कालामातापर्यंत आमच्या मागोमाग येणार होता. त्याला आमचा लळा नव्हता, पिटाचा होता.

सुकाणू माझ्याकडे, नांगर ओढायचं यंत्र पान्तेलीसकडे. दोर सोडले. साखळी कडाकडा आत यायला लागली, मग होडीचं नाक खाली झुकलं आणि यंत्र कण्हून बंद पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

पान्तेलीस वळला. "अडकलाय," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. इथे तळाशी कोळ्यांच्या होड्यांसाठी टाकलेली जुनी साखळी आहे, जाडजूड. त्यात गेला असणार. पाणबुड्या शहरात आहे, तो काही आठवडाभर यायचा नाही. आपली साखळी इथेच सोडून देऊ, खुणेला तरंगता बोया बांधू आणि मोटारीवर क्रेनपर्यंत जाऊ. नांगराशिवाय कालामाताला कोण जातं?"

सगळं इतकं सुसंगत बोलला की मला संशय आला. माझा नवरा इतकं सलग कधीच बोलत नाही.

"पाणबुड्याची मुलगी इथे उभी आहे," मी म्हटलं आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या हातात सुकाणू दिलं. "आई, हे नुसतं धरा. काही करू नका." मग मी पोहायचा चष्मा चढवला आणि उडी मारली.

पाणी गार होतं आणि स्वच्छ. खोली दोन माणसांएवढीसुद्धा नाही. साखळीला धरून धरून खाली गेले. जुनी साखळी होती खरी, गंजलेली, मांडीएवढी. आमचा नांगर तिच्या शेजारी वाळूत शहाण्यासारखा पडला होता, कशातही न अडकता. पण आमची साखळी आणि ती जुनी साखळी, दोन्हींना मिळून एक लोखंडी कडी घातलेली होती. नवीकोरी. कडीची खीळ गच्च पिळलेली, आणि ती सुटू नये म्हणून तिला तांब्याच्या तारेचे वेढे.

बहुतेक लोक खिळीला प्लॅस्टिकची पट्टी बांधतात, नाहीतर काहीच बांधत नाहीत. जुन्या मोटारीतून काढलेली तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटून, आणि शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून, हे एकच माणूस करतो. त्यानं ते निष्काळजीपणे बांधलं असतं, नुसती साखळीला साखळी गुंडाळली असती, तर मी आजही म्हटलं असतं की नांगर अडकला होता. पण गधड्याला चोरीसुद्धा नीटनेटकी करायची सवय.

मी वर आले. धक्का पेले धरून वाट बघत होता. पान्तेलीस पुढच्या कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत होता आणि त्याचा रंग उडालेला होता. मला सगळं कळलंय अशा नजरेनं मी बघितलं आणि त्याला ते कळलं. मला काय काय बोलायचं होतं ते मी इथे लिहीत नाही. कालिम्नोसच्या बायका शिव्या देतात तेव्हा गलबतं बंदर बदलतात. पण तिथे उभा असलेला प्रत्येकजण ती गोष्ट पुढची वीस वर्षं प्रत्येक बंदरात सांगत फिरला असता. आणि माझ्या नवऱ्याला मी हसेन, दुसऱ्या कुणी हसलेलं मला चालत नाही.

"जुन्या साखळीत गुंतलाय," मी मोठ्यानं म्हटलं. "सुटेल. जरा दम खाऊ दे."

लोक हिरमुसले. आत आले तर सासूबाई सुकाणू सोडून माझ्या मागे पायऱ्या उतरल्या आणि पडदा ओढला.

"त्यानंच बांधलंय ना?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आज पहाटे ओला होऊन आला. म्हणाला, आंघोळ केली. तो? पहाटे?" मग त्या टॉवेलनं माझं डोकं पुसायला लागल्या, जोरजोरात, मला आवडत नाही तसं. "सूनबाई, तुला एक सांगते. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. त्याचा फोन आला. म्हणाला, आई, तू आजारी पड. मी म्हटलं, कशानं? म्हणाला, कशानंही."

"आणि तुम्ही पडलात?"

"पोरानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. बाग विकताना विचारलं होतं का? मी गुडघे म्हटले, सोपं वाटलं. मग तू इथे बोलावलंस. मी म्हटलं, एक रात्र काढते, ओकते, परत जाते, त्याचंही काम होतं. पण ओकारीच येईना." त्यांनी टॉवेल पिळला. "आणि मग मला परत जावंसं वाटेना."

मी तशीच ओली वर गेले. पान्तेलीस अजून पुढे होता, जाळीच्या अलीकडे, दोन्ही हातांनी कठडा धरून. मी शेजारी बसले. धक्का लांब होता, ऐकू गेलं नसतं.

"बोल," मी म्हटलं.

त्यानं कठड्यावरचा एक हात सोडला आणि पुन्हा धरला. मग म्हणाला, "मला भीती वाटते, एव्हान्थिया."

मे महिन्यात एकदा लाटा उसळलेल्या असताना तो पुढे शीड बांधायला गेला होता आणि जाळीची बांधणी सुटून दोन्ही पोटांच्या मधून खाली गेला. हातांवर लोंबकळत राहिला, खाली पाणी धडाधड. मी त्याला काखांत हात घालून वर ओढलं. विजार खाली राहिली, समुद्रात गेली. ती गोष्ट त्यानं सगळ्या खानावळींतून सांगितली, विजारीचा भाग तर साभिनय. मीही हसले. त्या दिवसापासून तो झोपत नव्हता हे मला माहीत नव्हतं. शेजारी झोपते मी त्याच्या.

"पाणी बघितलं की हात सुटल्यासारखे वाटतात," तो म्हणाला. "बांधलेली होडी असली तरी."

"मग मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तुला सांगितलं असतं तर तू होडी विकली असतीस. त्याच दिवशी. मग परत तुझे ते बूट." त्यानं नाक पुसलं. "मी ही होडी तुझ्यासाठी घेतली होती. मलाही मजा आली, खोटं नाही सांगत. खूप वर्षं मजा आली. आता नाही येत. मला वाटलं, आईचं कारण असलं तर तू मला दोष देणार नाहीस. तिला देशील."

मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं आणि मिठीत घ्यावंसं वाटलं, दोन्ही एकदम. अकरा वर्षं मी समजत होते की आम्ही दोघं समुद्रावर राहतो. राहत होते मी. तो माझ्याबरोबर राहत होता.

"विकू या," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. पण मी ते मनापासून म्हटलं होतं.

"कोण विकतंय?" मागून आवाज आला. सासूबाई जाळीपाशी उभ्या होत्या, हातात लाटायची काठी. "नाव माझं आहे हिच्यावर. माझ्या अक्रोडांची आहे. मला कोणी विचारलं?"

त्यांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली.

"वर माझं घर रिकामं आहे," त्या पान्तेलीसला म्हणाल्या. "शेळ्या शेजारणीकडे आहेत, ती अर्धं दूध पिते. तू जा वर. तुझी चूल, तुझी जमीन, काही हलत नाही तिथे, भूकंप सोडला तर. मी हिच्याबरोबर जाते. मला ऐंशी झाली, मला कशाची भीती? बुडाले तर पुरायचा खर्च वाचेल."

"आई, नवरा-बायकोनं असं वेगवेगळं..."

"तुझा बाप आठ महिने मेंढ्या घेऊन खाली असायचा. आमचं फार छान चाललं होतं."

पान्तेलीसनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मला हसू यायला लागलं, आणि ते रडण्याच्या फार जवळचं होतं. तो उठला, हत्यारांच्या पेटीतून चिमटा काढून आणला आणि माझ्या हातात दिला.

"टोक आतल्या बाजूला दुमडलंय," तो म्हणाला. "डावीकडे फिरव, नाहीतर तुटेल."

मी खाली गेले आणि सोडवलं. वर आले तोवर योस्तनं त्याला रबरी होडीतून धक्क्यावर सोडलं होतं आणि तो तिथे उभा होता, हातात त्याची पिशवी. लोकांना त्यानं सांगितलं की शेळ्यांचं बघायला जातो. कोणी हसलं नाही. मग नांगर उचलून आम्ही निघालो. मी, सासूबाई आणि मागे योस्त. मी वळून बघितलं नाही, कारण सुकाणू माझ्या हातात होतं आणि डोळ्यांनी काही दिसत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा पहिलं बंदर आलं. लहानसंच, आणि मी दुरून बघितलं तर धक्का होड्यांनी भरलेला. आमच्यासारख्या रुंद होडीला दोघींची जागा लागते, म्हणून असल्या बंदरात आम्हाला कोणी उभं करत नाही. पण एका ठिकाणी दोन होड्यांएवढं मोकळं पाणी होतं, आणि त्याच्यासमोर धक्क्यावर कुणाचा तरी जुना टेम्पो आडवा लावलेला होता. टेम्पोपुढे पान्तेलीस. एक कोळी त्याच्या तोंडासमोर हात नाचवत भांडत होता आणि पान्तेलीस शांतपणे उभा होता, हात पुढे करून, दोर झेलायच्या तयारीत.

"हा गावी गेला होता ना?" मी म्हटलं.

"रस्ता समुद्राच्या कडेकडेनं जातो," सासूबाई म्हणाल्या. "गाव उलट्या दिशेला आहे. लहानपणापासून असाच, शेळ्या राखायला पाठवावं तर बाजारात सापडायचा."

नांगर टाकला, मागे घेतलं, दोर फेकला. त्यानं झेलला आणि बांधला. मग पुन्हा एकदा बांधला. मी फळी टाकली. तो फळीपाशी आला, तिच्यावर एक पाय ठेवला आणि काढून घेतला.

सासूबाईंनी आतून हाक मारली, "जेवायला बोलाव त्याला."

"येणार नाही तो."

"मग तू जा की. पाय मोडलेत?"

मी पिटाचं ताट घेतलं आणि फळीवरून उतरले. आम्ही धक्क्याच्या कडेला बसलो, त्यानं पाय वर घेतलेले, मी खाली सोडलेले.

"उद्या पुढल्या बंदरात किती वाजता पोचाल?" त्यानं विचारलं.

"का?"

"मला आधी पोचायला हवं. तुझ्या दोराला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला नाही आवडणार."

मी म्हटलं, दोनपर्यंत. मग त्यानं माझ्या ताटातला कडेचा कुरकुरीत तुकडा उचलला, आणि मी तो उचलू दिला.